गुडघ्यातला के

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही इंग्रजी शब्द विचारा, तो चालीवर येतो. आधी स्पेलिंग, मग उच्चार, मग अर्थ. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा. व्हरांड्यातून जाताना हा कोरस कानावर आला की आत इंग्रजीचा तास चाललाय हे कळतं. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, त्याआधी ते पाचवीला यायचं. चाल मात्र तीच राहिली. मला ही चाल आवडते. अक्षर, आवाज आणि अर्थ ती एका दमात बांधते. फक्त काही शब्दांपाशी तिचा ताल चुकतो. के-एन-डबल-ई नी, नी म्हणजे गुडघा. मूल मोठ्याने के म्हणतं आणि लगेच उच्चारात तो के गायब होतो.

मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. शाळा संध्याकाळी भरते. दिवसभर कँटीनमध्ये, गॅरेजमध्ये, कुरिअरच्या बॅगा पाठीवर घेऊन फिरणारी पोरं येतात. धुण्याभांड्याची कामं उरकून बायका येतात, पन्नाशी उलटलेले एक वॉचमन काका येतात. वयाने माझ्याहून मोठे असलेल्यांना मी अहोजाहो करते, पोरांना अरेतुरे. सगळे मला मॅडम म्हणतात. बहुतेकांची शाळा मधेच सुटलेली आहे, आणि का सुटली असं विचारलं की घरच्या अडचणींच्या मागोमाग एक कारण हमखास येतं: इंग्रजी. त्यातही स्पेलिंग. स्पेलिंग चुकलं म्हणून पट्टी खाल्लेले हात मी या वर्गात पुष्कळ पाहिले आहेत.

हाडांच्या वॉर्डात वॉर्डबॉयचं काम करणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. शुद्धलेखनाला मी 'नी' सांगितला, त्याने एन-डबल-ई लिहिलं. वही परत मिळाल्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मी रोज नीचे पेशंट ओटीत नेतो. नी-कॅप, नी-रिप्लेसमेंट, डॉक्टरपासून मावशींपर्यंत सगळे नी म्हणतात. के कुणीच म्हणत नाही. मग लिहितात कशाला?"

वर्गातून लगेच उत्तर आलं, "सायलेंट असतो." त्यावर तो म्हणाला, "ते माहितीय. पण का?"

हा प्रश्न विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता. सायलेंट हे नुसतं नाव झालं, त्यात कारण कुठे आलं? एम.ए.ला मला इंग्रजी भाषेचा इतिहास हा पेपर होता, त्यामुळे कारण मला ठाऊक होतं. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर के-एन लिहिलं.

हा के एके काळी बोलायचा. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला, सुरीला, गाठीला, जाणण्याला जे शब्द होते ते सगळे 'क्न'ने सुरू होत आणि त्यातला क स्पष्ट ऐकू येई. इंग्रजी कवी चौसर १४०० साली वारला. त्याच्या काळात 'नाइट' म्हणजे सरदार हा शब्द साधारण 'क्निख्त' असा म्हणत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुस्तकं छापली जाऊ लागली तशी स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. क गळायला लागला सतराव्या शतकात, आणि अठरावं शतक उजाडेपर्यंत लंडनच्या बोलण्यातून तो गेला. तोवर पुस्तकांतलं स्पेलिंग ठरून गेलं होतं. जिभेने क सोडला, कागदाने ठेवला.

हे नुसतं सांगून पटण्यासारखं नव्हतं, म्हणून मोबाइलवर जर्मन उच्चार लावला. इंग्रजी आणि जर्मन एकाच कुळातल्या भाषा, आणि जर्मनांनी तो क टाकलेला नाही. गुडघ्याला ते अजून 'क्नी' म्हणतात. फोन बाकावर मधोमध ठेवला, आवाज मोठा केला. बाईच्या स्वच्छ आवाजात आलं, क्नी. सगळ्यांनी मान पुढे काढून ऐकलं. पुन्हा लावला. मग वर्गभर 'क्नी, क्नी' सुरू झालं. आपल्याला हा उच्चार अवघड नाही, 'टेक्निकल' आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. फ्रेंचांना मात्र शब्दाच्या तोंडाशी तो जमेना. सुरीचा हा शब्द त्यांनी घेतला तेव्हा मधे एक अ घातला आणि 'कानिफ' केला. १०१६ ते १०३५ इंग्लंडवर राज्य केलेल्या डॅनिश राजाचं नाव क्नूट. नंतरचे इंग्रज त्यालाही कॅन्यूट म्हणू लागले. आपली आजी स्टेशनला इस्टेशन म्हणायची, त्यातलाच प्रकार.

त्या मुलाने वही काढली, एन-डबल-ईच्या आधी के लिहिला आणि बाजूला कंसात देवनागरीत 'क्नी'. तेव्हापासून के-एनचे शब्द आम्ही दोनदा म्हणतो, एकदा जुन्या उच्चाराने, एकदा आजच्या. के-एन-आय-एफ-ई क्नाइफ, नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. हे शब्द मग कुणी चुकवत नाही.

मला स्वतःला यातला सर्वात मोठा आनंद मिळाला तो शब्द एकत्र मांडल्यावर. फळ्यावर मी के-एनचे शब्द लिहीत गेले: नी म्हणजे गुडघा, नकल म्हणजे बोटाचं पेर, नॉब म्हणजे गॅसची किंवा दाराची मूठ, नॉट म्हणजे गाठ, नोल म्हणजे छोटी टेकडी. शिवणकाम करणाऱ्या एक ताई पुढच्या बाकावर बसतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं वर आलेलं आहे की." खरंच होतं ते. गुडघा, पेर, मूठ, गाठ, टेकडी, सगळे उंचवटे. इंग्रजीत के-एनच्या बऱ्याच शब्दांत हा गाठीसारखा, टेंगळासारखा अर्थ आहे आणि अभ्यासकांनीही तो टिपलेला आहे. ताईंनी तो नुसत्या नजरेने पकडला.

'निट' हा शब्द त्यांना कामामुळे माहीत होता, कारण होजिअरीच्या कापडाला बाजारात निटच म्हणतात. निटचा जुना अर्थ गाठ मारणं. नॉट आणि निट सख्खी भावंडं आहेत. हे कळल्यावर त्यांनी पर्समधून कापडाचा एक तुकडा काढला, कड ओढून फासे मोकळे केले आणि शेजारच्या मुलीला दाखवलं की विणकामात गाठी कशा एकात एक अडकलेल्या असतात. भाऊच्या धक्क्यावर कामाला जाणारा एक मुलगा होता, त्याने बोटीचा वेग नॉटमध्ये का सांगतात ते विचारलं. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती बोटीच्या मागे पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. त्या गाठीच आजही वेगाच्या मापात आहेत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

पण वर्ग खरा रंगला तो 'नाइट' आणि 'नेव्ह' या जोडीवर. के-एन-आय-जी-एच-टी नाइट म्हणजे सरदार, शूर घोडेस्वार. के-एन-ए-व्ही-ई नेव्ह म्हणजे लबाड, हलकट माणूस. जुन्या इंग्रजीत या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, पोरगा. दोघांचाही अर्थ पुढे हाताखालचा पोऱ्या असा झाला. नाइट राजाच्या पदरी गेला, लढाईत उतरला आणि सरदार झाला. नेव्ह घरकामातच राहिला, आणि नोकर म्हणजे लबाडच असणार, या मालकांच्या समजुतीने त्याला शिवी केलं. जर्मनमध्ये याच दोन शब्दांची भावंडं आहेत: 'क्नेख्त' तिकडे गडीच राहिला आणि 'क्नाबे' साधा मुलगा.

कँटीनमध्ये काम करणारा एक मुलगा हे ऐकून बराच वेळ फळ्याकडे बघत होता. त्याला सगळे 'ए पोऱ्या' म्हणूनच हाक मारतात, हे मला माहीत होतं. त्याने विचारलं, "म्हणजे सुरुवातीला दोघं सारखेच?" मी म्हटलं, हो, अगदी सारखे. शब्दाला वर चढवणारी आणि खाली ढकलणारी माणसंच असतात, आणि कुणाला काय म्हणायचं हे बहुतेक वेळा मालक ठरवत आलेत. हे मी त्या वर्गात पूर्ण जबाबदारीने सांगितलं आणि पुन्हाही सांगेन.

पत्त्यांत आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याचं इंग्रजीतलं जुनं नाव नेव्हच. एकोणिसाव्या शतकात पत्त्याच्या कोपऱ्यावर अक्षरं छापायला लागले, तेव्हा किंगचा के आणि नेव्हचा के-एन यांचा घोटाळा व्हायला लागला, म्हणून जॅक हे नाव पुढे आलं आणि जे छापला जाऊ लागला. बुद्धिबळातही तेच. आपला घोडा म्हणजे त्यांचा नाइट. खेळी लिहिताना के राजाला दिलेला असल्यामुळे घोड्यासाठी एन लिहितात. गणपतीत रात्रभर पत्ते कुटणाऱ्या पोरांना ही माहिती इतकी आवडली, की 'नेव्ह' हा पाठ्यपुस्तकात नसलेला शब्द आज माझ्या वर्गात सगळ्यांना येतो.

के-एनचा सर्वात जवळचा धागा मी मुद्दाम मागे ठेवला होता. वर्गात माउलींचं नाव लावलेला एक मुलगा आहे. आधार कार्डावर त्याच्या नावाची सुरुवात डी-एन-वाय अशी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे-एन अशी, आणि बँकेच्या पासबुकात जी-वाय अशी. एका खिडकीवर त्याला सांगण्यात आलं की ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. 'ज्ञ' हे अक्षर आपण मराठी लोक द्न्य असं म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, आणि मूळ संस्कृतात ते ज अधिक ञ. म्हणजे एकाच अक्षराचे इतके आवाज आपल्याकडेही आहेत. आता या ज्ञचं आणि के-एनचं नातं असं: संस्कृत 'ज्ञा' म्हणजे जाणणं, ग्रीक 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान, आणि इंग्रजी के-एन-ओ-डब्ल्यू 'नो' म्हणजे जाणणं. तिन्ही एकाच मुळातून आलेत.

कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात असं मांडलं. पुढे १८२२ साली याकोब ग्रिमने ध्वनी कसे नियमाने बदलतात ते दाखवलं. लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ग सापडतो तिथे इंग्रजी-जर्मनमध्ये क येतो. आणि त्याच जागी संस्कृतात बऱ्याचदा ज असतो. गुडघ्याला संस्कृतात 'जानु', लॅटिनमध्ये 'गेनू', इंग्रजीत 'क्नी'. जानु हा शब्द मुलांना परका वाटला, पण 'आजानुबाहू' म्हटल्यावर हात वर आले. गुडघ्यापर्यंत पोचणारे हात ज्याचे तो आजानुबाहू. वॉर्डबॉय पोराने हात खाली सोडून आपल्या गुडघ्याचं अंतर मापून पाहिलं.

इतर अक्षरांच्या गोष्टी मी थोडक्यात आटोपते, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. 'नाइट' म्हणजे रात्र, त्यातला जी-एच पूर्वी घशातून निघणारा ख होता. जर्मन अजून 'नाख्त' म्हणतात, आपल्याकडे एकभुक्तासारखं 'नक्त' नावाचं व्रत आहे, दिवसभर उपास आणि रात्री जेवण, त्यातला नक्त हा त्याच घरातला. पण 'घोस्ट'मधला एच कधीच कुणी बोललं नव्हतं. कॅक्स्टन बरीच वर्षं फ्लेमिश मुलखात राहून आला होता, तिथल्या छपाईच्या वळणातून तो एच इंग्रजीत शिरला. 'आयलंड'मधला एस तर सरळ गैरसमजातून आला. हा अस्सल इंग्रजी शब्द, त्याचा फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी काही संबंध नव्हता, पण दिसायला सारखे म्हणून याच्याही पोटात एस घातला.

'डेट' म्हणजे कर्ज. यातला बी पंडितांनी घातलेला आहे. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिनमधलं मूळ 'डेबिटम' आहे हे दाखवण्यासाठी सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी तो आत बसवला. 'डाउट'मध्ये आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट'मध्येही असंच झालं. शेक्सपियरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्निस नावाचा पंतोजी आहे. हे नाटक १५९८ साली छापलं गेलं. जे लोक डेट आणि डाउट बी न उच्चारता म्हणतात त्यांच्यावर तो संतापतो. म्हणजे नुकत्याच घुसवलेल्या अक्षरावरून तेव्हाच्या साध्या माणसांना शिक्षक बोल लावत होता. माझ्या वर्गातल्या पोरांना ही गोष्ट कळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. त्यांनी ज्या बीसाठी मार खाल्ला, त्या बीचा आवाज मुळात त्या इंग्रजी शब्दात नव्हताच. 'अकाउंटमधून पैसे डेबिट झाले' मधला बी मात्र ऐकू येतो, तेव्हा कर्जाचं स्पेलिंग लिहिताना डेबिट आठवायचं, एवढी युक्ती मी देते आणि ती चालते.

वॉचमन काका एका संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं त्यांच्या आजोबांचं खरेदीखत घेऊन आले. जमिनीच्या कामासाठी त्याची झेरॉक्स काढायला नेलं होतं. म्हणाले, "मॅडम, यात किती टिंबं आहेत बघा. चुकून पडलेत का?" मी पाहिलं. 'गांव', 'नांव', 'पांच', 'कांहीं'. शाईने, ठसठशीत, प्रत्येक ठिकाणी. चूक एकही नव्हती. तेव्हा असंच लिहायची रीत होती. नाम या शब्दाचं नांव झालं, ग्रामचं गांव, पंचचं पांच. मूळच्या अनुनासिकाची खूण म्हणून ते टिंब राहिलं होतं, उच्चारातून ते केव्हाच गेलं होतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. म्हणजे आपल्या भाषेतही सायलेंट अक्षरं होती, आणि आपण ती घालवली.

काकांनी तो कागद घडी न मोडता वर्गात फिरवला. मग विचारलं, "मग इंग्रजांनी का नाही घालवली?"

घालवायचे प्रयत्न झालेत. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८०६ आणि १८२८च्या कोशांतून बदल सुचवले. कलरमधला यू त्याने काढला तो अमेरिकेत आजही नाही, पण जीभ या अर्थाचा 'टंग' त्याला टी-यू-एन-जी असा लिहायचा होता, ते कुणी मानलं नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०६ साली तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छपाईत वापरायचा हुकूम काढला. तिथल्या संसदेने विरोध केला आणि हुकूम मागे घ्यावा लागला. इंग्रजी कुणा एका महामंडळाची भाषा नाही. आणि के-एनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. के काढला तर जाणण्याचा 'नो' आणि आता या अर्थाचा 'नाउ' कागदावर एक होतात. गाठ आणि 'नाही' एक होतात. सरदार आणि रात्र एक होतात. कणीक मळण्याचा 'नीड' आणि गरजेचा 'नीड' यांत फक्त एका अक्षराचा फरक उरतो. तोंडाला न लागणारा के डोळ्यांना उपयोगी पडतो.

टिंबं गेली ते चांगलं झालं असं माझं मत आहे. लिहायला शिकणाऱ्या पोराच्या वाटेतला एक खडा कमी झाला. पण दात आणि दंत, पाच आणि पंच यांचं नातं पूर्वी कागदावर दिसायचं, आता ते वर्गात बोलून दाखवावं लागतं, आणि ते काम शिक्षकाने टाळू नये.

गेल्या काही दिवसांत वर्गाने डब्ल्यू-आरचे शब्द स्वतःहून गोळा करायला घेतलेत. सुरुवात गॅरेजमधल्या मुलाने केली. त्याच्याकडे पान्यांचा खोका आहे, त्यावर 'रेंच' छापलेलं, आणि त्यात पुढे डब्ल्यू. त्याने शब्दकोश घेऊन डब्ल्यू-आरचं पान काढलं आणि यादी करून आणली. रेंच म्हणजे पिळून फिरवणं. रिंग म्हणजे कपडे पिळणं. रिस्ट म्हणजे मनगट, जे वळतं. रिगल म्हणजे वळवळणं. रिंकल म्हणजे सुरकुती. रीथ म्हणजे वळून केलेलं फुलांचं चक्र. "मॅडम, हे सगळं पीळ देणं आहे," असं तो म्हणाला, आणि घरकामाला जाणाऱ्या एक मावशी उठून चादर पिळल्यासारखे हात फिरवून दाखवायला लागल्या. यादी बरोबर होती. चुकीचं या अर्थाचा 'राँग'ही यात बसतो, कारण त्याचाही मूळ अर्थ वाकडा, पीळ पडलेला. आणि या डब्ल्यूचाही आवाज एके काळी ऐकू यायचा.

"मग राइट कसा बसतो?" त्याने विचारलं. "लिहिताना काय पिळतात?"

काही नाही. तो राइट दुसऱ्या घरातला आहे. त्याचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी पहिली अक्षरं लाकडावर आणि दगडावर टोकदार हत्याराने ओढली. त्याने यादीतून राइट खोडला आणि वेगळ्या रांगेत लिहिला. खाली जागा सोडली आहे, तिथे अजून कोणते शब्द येतात ते तो या आठवड्यात शोधणार आहे.